रिकामं केलेलं पाकीट महिन्याभरात पुन्हा का फुगतं?

तक्रार सगळ्यांची सारखीच. एखाद्या रविवारी माणूस पाकीट उलटं करतो, कचरा काढतो, दोन दिवस खिसा हलका वाटतो आणि पुढच्या पगारापर्यंत सगळं होतं तसं. मग नागपुरात सीताबर्डीवर एक चक्कर होते, पातळसं पाकीट घेतलं जातं आणि दिवाळीपर्यंत त्याचीही शिवण उसवायला लागते. पाकीट बदलून हा त्रास जात नाही. आत यायच्या वाटा चार-पाच आहेत, बाहेर जायची वाट एकच, तीही रविवारी, तीही कंटाळा आला नाही तर. काय फेकायचं हे तुम्हाला कळतंच. ते पुन्हा आत कसं येतं, हे शोधायचं आहे.

आधी निदान

जुना पेपर अंथरा आणि पाकीट पूर्ण रिकामं करा, चोरकप्प्यासकट. आता ढीग लावा, पण वस्तू पाहून लावू नका. ती कोणी दिली ते आठवून लावा. दुकानदार, एटीएम, पार्किंगवाला यांनी हातात कोंबलेलं एकीकडे. बँक, ऑफिस, शोरूम यांनी दिलेली कार्डं दुसरीकडे. ‘कोणी मागितलं तर’ या धास्तीने तुम्ही स्वतः ठेवलेलं तिसरीकडे. घरच्यांचं, देवाचं, आठवणींचं चौथ्या जागी. मग प्रत्येक ढीग अंगठ्याने दाबून पट्टीने मोजा.

हे मोजणं वाटतं तितकं उगाचचं नाही. बँकेच्या कार्डाची जाडी जगभर एकच ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. दहा कार्डं म्हणजे पाऊण सेंटिमीटर. दुकानाची पावती एकटी अगदी पातळ असते, पण तिला दोन घड्या घातल्या की चार थर होतात. अशा तीन पावत्या जवळजवळ एका कार्डाइतक्या भरतात. शिवाय घडीत हवा राहते, म्हणून प्रत्यक्षात कागद कार्डापेक्षा जास्त फुगतो. लोक सगळा राग कार्डांवर काढतात. पट्टी लावल्यावर बऱ्याचदा चोर कागदच निघतो.

घरी लॅमिनेट केलेलं जुनं मतदार ओळखपत्र किंवा कापून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं आधार असेल, तर ते वेगळं काढा. अशा तुकड्यांच्या कडा कार्डाच्या मापाबाहेर जातात, त्यामुळे ते कप्प्यात बसत नाहीत, बसवले तर शिवण ताणतात. पाकिटाचा एकच कोपरा सारखा फाटत असेल, तर तिथे असंच काहीतरी असणार.

सगळ्यात जाड ढीग सापडला की आधी त्याचीच वाट बंद करायची. बाकीचे थांबू शकतात.

पावत्यांचा ढीग जाड निघाला तर

पावती पाकिटात ठेवण्यामागे एक समजूत असते की ती तिथे सुरक्षित आहे. थर्मल पावतीच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. त्या कागदावर शाई नसतेच. कागदाच्या लेपातच रंग आणि तो उमटवणारं रसायन असतं. छपाईयंत्राचं तापलेलं टोक जिथे टेकतं तिथे काळं होतं. म्हणजे उष्णता ही तिची शाई. आता नागपूरचा उन्हाळा आठवा. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, कोणत्याच वर्षी कोणाला सोडत नाही. उन्हात उभ्या असलेल्या ॲक्टिव्हाच्या डिकीत पाकीट ठेवलं, तर आतली पावती सगळीच करडी-काळी पडू शकते. याउलट, पाकिटातल्या फोटोच्या पारदर्शक खिशात सरकवलेली पावती हळूहळू कोरी होते, कारण प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं अक्षरं खातात. मिक्सर बिघडतो आणि वॉरंटीचं बिल काढावं तर हातात पांढरी पट्टी येते, ते यामुळे.

तेव्हा जपायची पावती ज्या दिवशी मिळाली त्याच संध्याकाळी तिचा फोटो काढा, आणि फोटो गॅलरीत हरवू नये म्हणून स्वतःलाच व्हॉट्सॲप करताना वस्तूचं नाव लिहा: ‘कूलरची मोटर’, ‘आईचा चष्मा’. मूळ कागद घरी. औषधांच्या बिलांचं तर विशेष सांभाळा. ज्यांना ऑफिसातून वैद्यकीय खर्चाची भरपाई मिळते त्यांना मूळ बिलं लागतात, आणि मेडिकल चौकातून किंवा रामदासपेठेतून औषधं घेऊन आलेला माणूस ती पाकिटात दुमडून विसरतो. त्यांची जागा औषधांच्या पिशवीशेजारच्या एका फोल्डरात.

एटीएमवर ‘पावती हवी का?’ विचारतं तेव्हा ‘नाही’ दाबा. शिल्लक मोबाईलवर येतेच. मोठ्या दुकानात बिल एसएमएसवर घ्या.

तरी काही कागद येणारच. त्यांच्यासाठी पूर्वी घराघरात एक उत्तम सोय होती: दाराजवळ खिळ्याला लावलेली वाकडी तार, तिच्यात टोचलेली विजेची, दुधाची, किराण्याची बिलं. ती तार परत लावा. खरंच लावा. चप्पल काढतो तिथे, किल्ली अडकवतो त्याच्या शेजारी. पाकिटाला रोज बाहेर जायची वाट मिळाली की रविवारच्या साफसफाईची गरज उरत नाही. ड्रॉवर चालत नाही, मी कितीही जणांना सुचवून पाहिलं. ड्रॉवर उघडावा लागतो आणि उघडलेला ड्रॉवर म्हणजे दुसरं पाकीट.

धास्तीचा ढीग

हा सगळ्यात चिवट. आधारच्या झेरॉक्स, पॅन, मतदार कार्ड, गाडीची आरसी, विम्याची घडी, पीयूसी, पासपोर्ट साइज फोटो. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: हे नेमकं कोणत्या खिडकीवर लागणार? खिडकीचं नाव सांगता आलं नाही तर ती वस्तू पाकिटातली नाही.

गाडीच्या कागदांची खिडकी म्हणजे चौकातला ट्रॅफिक पोलीस. व्हरायटी चौकात शिट्टी वाजली की हात आपोआप मागच्या खिशाकडे जातो. पण लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवर दाखवता येतात. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्ये राज्यांना तसं कळवलं आणि पुढे मोटार वाहन नियमांतही डिजिटल कागद दाखवण्याची तरतूद झाली. विमा आणि पीयूसीही त्यात आले. इथे एक बारकावा आहे जो बहुतेकांना माहीत नसतो आणि मग चौकात वाद होतो. डिजिलॉकरमध्ये दोन भाग असतात. सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद ‘इश्यूड’ भागात दिसतो आणि तोच मूळ कागदाच्या बरोबरीचा. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेला कागद ‘अपलोडेड’ भागात जातो. त्याला फोटोइतकीच किंमत. मोबाईलच्या गॅलरीतल्या लायसन्सच्या फोटोचंही तेच. घरी बसून एकदा उघडून बघा, आपला कागद कोणत्या भागात आहे. नसेल तर नंबर टाकून तो मागवा. हे काम वर्धा रोडवर, उन्हात, पोलिसासमोर करण्यासारखं नाही.

मोबाईलची बॅटरी उतरली तर? रास्त शंका आहे. म्हणून माझा सल्ला असा की एकच खरं ओळखपत्र पाकिटात ठेवा आणि ते लायसन्स असू द्या. रेल्वेत चालतं, विमानतळावर चालतं, लॉजवर चालतं, आणि चौकात तर हवंच असतं. एका कार्डात चार खिडक्या भागतात. आरसी गाडीच्या कागदांबरोबर ॲपमध्ये.

आधार घरी. हे वाचून काहींचा जीव वर-खाली होईल, पण रोजच्या दिवसात आधारचं कार्ड प्रत्यक्ष हातात मागणारी खिडकी आठवून बघा. जिथे लागतं तिथे एमआधार ॲप किंवा ‘मास्क्ड’ आधार चालतं, ज्यात बारापैकी फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. हौसेने बाहेरच्या दुकानातून छापून घेतलेलं प्लॅस्टिकचं आधार जवळ असेल, तर हे लक्षात घ्या की आधार प्राधिकरणाने २०२२ मध्येच अशा बाजारातल्या छपाईला नको म्हटलं आहे. पीव्हीसी कार्ड हवंच असेल तर ते त्यांच्याकडूनच मागवता येतं.

झेरॉक्सची वाट कुठून येते ते बघा. आपण एक प्रत मागतो, सुटे नसतात, झेरॉक्सवाला म्हणतो दोन काढून देतो. एक खिडकीवर जाते, दुसरी चार घड्या होऊन पाकिटात. फोटोंचंही तसंच: लागतो एक, निघतात आठ. उरलेले घरच्या फोल्डरात टाका. आणि झेरॉक्स द्यायची वेळ आलीच तर तिच्यावर आडवी सही, तारीख आणि कशासाठी दिली ते लिहूनच द्या. कोऱ्या आधार-पॅनच्या प्रती भरलेलं पाकीट हरवणं हे रोख हरवण्यापेक्षा महाग पडू शकतं.

याच ढिगात कधी कधी एक सही केलेला कोरा चेक सापडतो, ‘अडीअडचणीला’ म्हणून. आणि एक चिठ्ठी, जिच्यावर चार आकडे लिहिलेले असतात आणि शेजारी काहीही लिहिलेलं नसतं, म्हणजे चोराला अजिबात कळू नये. दोन्ही आजच फाडा.

कार्डं

रोजच्यासाठी दोन पुरतात. एक डेबिट, एक क्रेडिट, आणि शक्यतो दोन वेगळ्या बँकांची, म्हणजे एकीचा सर्व्हर झोपला तरी दुसरी चालते. पगाराचं खातं, जुन्या नोकरीचं खातं, गावाकडच्या बँकेचं खातं, सगळ्यांची कार्डं घेऊन फिरण्याचं कारण आता उरलेलं नाही. बऱ्याच बँकांच्या एटीएममधून यूपीआयने कार्डाशिवाय पैसे निघतात. बुटांच्या आणि कपड्यांच्या दुकानांची पॉइंटवाली कार्डं तर सरळ काढा, काउंटरवर मोबाईल नंबर सांगितला की काम होतं.

टॅप केल्यावर कार्ड चालत नाही, आत घातलं की चालतं, अशी तक्रार असेल तर दोष मशीनचा नसेलही. टॅपसाठी कार्डाच्या आत बारीक तारेची वेटोळी असते. मागच्या खिशात बसून बसून कार्ड वाकलं आणि ती तार तुटली, की सोनेरी चिप जागेवर राहते पण टॅप मरतो. कार्ड उजेडात धरून वाकवून बघा, बारीक चीर दिसते का. दिसली तर बँकेकडून बदलून घ्या.

आणखी एक नेहमीचा घोळ मेट्रोच्या गेटवर दिसतो. लोक आख्खं पाकीट टेकवतात. आत मेट्रोचं महाकार्ड, डेबिट आणि ऑफिसचं ॲक्सेस कार्ड एकावर एक. तिघांनी एकदम उत्तर दिलं की यंत्र बावचळतं आणि सीताबर्डी इंटरचेंजला मागची रांग तुमच्याकडे बघायला लागते. महाकार्ड बाहेरच्या कप्प्यात एकटं ठेवा आणि तेच काढून टेकवा. ते मोबाईलच्या कव्हरमागे सरकवायची फॅशन आहे, पण मे महिन्यात मोबाईल आधीच तापलेला असतो, त्याला वरून आणखी गोधडी कशाला.

कार्डं कमी केलीत की बँकेच्या ॲपमध्ये जाऊन एक काम करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून टॅप, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता येतात, मर्यादाही ठरवता येते. पाच हजारांपर्यंतचा टॅप पिनशिवाय होतो. पाकीट पडलं तर तेवढा धोका उघडा असतो, म्हणून मर्यादा आपल्या सवयीइतकी खाली आणा.

चिल्लर आणि नोटा

चिल्लरचा इलाज सोपा आहे: ती पाकिटात नको. दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. अशी दहा झाली की पाऊणशे ग्रॅमच्या वर जातात, आणि गोल नाण्याने चामड्याला पडलेला फुगवटा कधी बसत नाही. घरी डबी ठेवा आणि डबी भरली की ओळखीच्या किराणा दुकानात नेऊन द्या, तो सुट्यांसाठी तुमची वाटच पाहत असतो. दहाचं नाणं कोणी नाकारलं तर ते चालतं, सगळ्या प्रकारांचं चालतं, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलेलं आहे. भाजीवाल्या मावशींशी त्यावर वाद घालायचा का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

नोटांबाबत एक गंमत. जुनी हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब आणि ७३ उंच होती. आताची पाचशेची १५० बाय ६६. म्हणजे २०१६ च्या आधीच्या मापाचं पाकीट आज नोटेला सैल होतं, आणि ती सात मिलिमीटर मोकळी पट्टी कागदांनी भरून जाते. अमेरिकन डॉलरच्या मापाची बुटकी पाकिटं तेव्हा आपल्याकडे निरुपयोगी होती, नोट वर डोकवायची. आता पाचशेची नोट त्यात नीट मावते. फक्त जुनी शंभराची निळसर नोट आली तर ती तेवढी कडेने दिसेल.

रोख किती? गोकुळपेठेत भाजी, तर्री पोहे, पंक्चर, ऑटो यांचं बहुतेक यूपीआयवर भागतं. तरी नेटवर्क जातंच. पाचशेची एक, शंभराच्या दोन-तीन आणि थोडे सुटे, याउप्पर रोज लागतं ते धंदेवाल्यांना. इतवारीत वसुलीला फिरणाऱ्या माणसाने ही सगळी पोस्ट सोडून द्यावी आणि रोखीसाठी वेगळी बॅग ठेवावी, पाकिटात कोंबू नये.

कंबर दुखत असेल तर

मागच्या खिशातल्या जाड पाकिटावर तासन्‌तास बसल्याने पायात कळ जाते, हे डॉक्टरांनी फार पूर्वी नोंदवलं आहे. १९७८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर टिपण आलं होतं. बुटीबोरीपर्यंत गाडी चालवत जाणाऱ्यांनी गाडीत बसताना पाकीट काढून ठेवावंच. आठवडाभर असं करूनही दुखणं तसंच राहिलं तर पाकिटाला दोष देत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

तसंही आपल्याकडे उन्हाळ्यात मागचा खिसा घामाने ओला असतो. पुढच्या खिशात पाकीट आलं की ते आपोआप पातळ ठेवावं लागतं, कारण जाड असेल तर दुचाकीवर पाय दुमडताना टोचतं. (लू लागू नये म्हणून ज्या खिशात कांदा ठेवता तो खिसा सोडून.)

वडिलांचं पाकीट

हा वेगळा रोग आहे आणि वरचे उपाय इथे चालत नाहीत. मुलगा सुटीत पुण्याहून येतो, बाबांचं पाकीट हातात घेतो आणि सुरू होतो. मग संवाद ठरलेला.

‘हे काहून काढून राहिला तू?’

‘बाबा, हे बिल दोन वर्षांपूर्वीचं आहे.’

‘राहू दे ना बे. ते काय जेवायला मागते का?’

बाबांचं बरोबर आहे. त्यांच्या पाकिटातला कागद ही त्यांची गॅलरी, त्यांचा फोनबुक आणि त्यांचा डिजिलॉकर आहे. तो काढायचा तर त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागतं. एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, ठळक अक्षरात नाव, रक्तगट, चालू औषधं, कोणत्या औषधाची ॲलर्जी, आणि घरच्या दोघांचे नंबर लिहा. दवाखान्याच्या कार्डावरचा नोंदणी क्रमांकही त्यावरच उतरवा. हा कागद त्यांना स्वतः वाचून दाखवा, मग ते बाकीच्या चिठ्ठ्या आपणहून काढून देतील. सगळ्या नाही, पण निम्म्या. त्यांच्याकडे रोख जास्त राहणार, राहू द्या. ओळखपत्रही खरंच राहू द्या, मोबाईलवर नको.

गजानन महाराजांचा फोटो, शेगावचा अंगारा, लक्ष्मीपूजनातली नोट, नातवाने काढलेलं चित्र यांना हात लावू नका. स्वतःच्या पाकिटातही नको. चौथा ढीग पट्टीने मोजला तर बहुतेक वेळा सगळ्यात पातळ निघतो. अंगाऱ्याची पुडी मात्र कागदी असेल तर घामाने फुटते, ती छोट्या झिपच्या पिशवीत घाला.

इतकं करूनही भरलं तर

मग दोष रिकाम्या कप्प्यांचा. सहा कप्पे असलेल्या पाकिटात दोन कार्डं राहिली की उरलेले चार काहीतरी मागत राहतात. नवं पाकीट घेण्याआधी हेच पाकीट घेऊन मोच्याकडे जा आणि जास्तीचे कप्पे आणि चिल्लरचा कप्पा वरून शिवून घ्या. काम किरकोळ आहे. टाका चामड्यातून न्यायला सांगा, आतल्या अस्तराला घातला तर पहिल्याच पावसाळ्यात निघतो. आणि शिवायच्या आधी त्या कप्प्यांत बोट घालून पुन्हा एकदा बघा, सिमकार्ड काढायची पिन तिथेच असते.